पांढरा गंज

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची नवी गाडी उभी असते. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या चाकांवर पांढरे डाग दिसायला लागले. आधी कडेला टाचणीएवढे होते, मग पॉलिशच्या खालून अळ्या सरकाव्यात तशा रेघा. परवा त्याने मला जिन्यात गाठलं. "काका, तुम्ही गॅरेज लाइनवाले ना? इंटरनेटवर दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्यात. नक्की काय लावू?" मी म्हटलं, "घाई असेल तर काहीच लावू नकोस." त्याला वाटलं म्हातारा टाळतोय. मग मी त्याला शेठच्या चार चाकांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मी आजवर पन्नासेक वेळा तरी सांगितली असेल. लग्नात, स्मशानात, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. फर्मास सांगतो. चाकं काळी पडतात तिथे लोक पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. तो मुलगाही हसला. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. आता वय असं झालंय की जिना चढून घरी पोचलो की कशासाठी आलो ते विसरतो. हे विसरायच्या आत लिहून ठेवतो.

गिरण्यांचा संप सुरू होऊन तेव्हा बराच काळ लोटला होता. तो संपला असं कोणी जाहीर केलं नव्हतं आणि चालू आहे असं म्हणायची कोणाला हिंमत नव्हती. परळच्या आमच्या बाबांच्या मिलमधून थोडी माणसं आत घेतली होती, बाकीच्यांना 'कळवू' म्हणून सांगितलं होतं. बाबा त्या कळवूमध्ये होते. लालबागच्या चाळीत आमची एक खोली. मी, आई, बाबा आणि धाकटी बहीण. तिला मावशीने गावी नेऊन ठेवलं होतं, म्हणजे तिकडे एक ताट वाढलं आणि इकडे एक कमी झालं. आई दोन्ही वेळा कुळथाची पिठी करायची. सकाळची दाट आणि संध्याकाळची पातळ, कारण ती एकच असायची, मध्ये पाणी पडायचं. "पिठी पचाक हलकी," असं ती रोज म्हणायची, जणू आम्हाला अपचनाचा त्रास होता. बाबा सकाळी पाळीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, आणि आपला जेवणाचा डबा घासून पालथा घालून ठेवायचे. रिकामाच असलेला डबा रोज घासणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्याची नक्कल करून मित्रांना हसवायचो. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो आणि मला सगळ्याची नक्कल यायची.

त्या डब्याच्या झाकणाला तीन भोकं होती. बाबा मिलमध्ये मर्सराइज खात्यात होते. सुती कापड कास्टिक सोड्याच्या पाण्यातून ताणून काढलं की त्याला रेशमासारखी चमक येते, ते खातं. एकदा कोणीतरी कास्टिकचा मग त्यांच्या डब्याशेजारी ठेवला, चार थेंब झाकणावर सांडले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांनी आरपार वाट काढली. डबा जर्मनचा होता. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणत. आईने झाकण टाकलं नाही, ते दुधाच्या टोपावर ठेवायला घेतलं. वाफ जायला बरं. आणि दूध तापलं की दर वेळी बाबा मला सांगायचे, "वशा, ध्यानात ठेव. कास्टिक लोखंडाक काय करूचा नाय, पण जर्मनाक खाता." मी लहानपणापासून हे इतक्या वेळा ऐकलं की पाढ्यासारखं पाठ झालं होतं. पाढे मला पाठ होते, गणित येत नव्हतं.

बाबांचा मिलमध्ये एका गोष्टीसाठी लौकिक होता. हौदातल्या कास्टिकचा थेंब ते अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळायचे, क्षणभर डोळे मिटायचे, लगेच बादलीतल्या पाण्यात हात बुडवायचे आणि कास्टिक किती तीव्र आहे ते सांगायचे, "पन्नास डिग्री." केमिस्टची काचेची नळी येऊन पन्नासच दाखवायची. बावीस वर्षं हा खेळ केल्यामुळे त्यांच्या त्या दोन बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या होत्या. रेशनच्या दुकानात अंगठा उठवायची वेळ आली की शाईचा नुसता गोळा उमटायचा. दुकानदार कुरकुरायचा आणि बाबांना त्याचा अभिमान वाटायचा. नाक्यावर बसलेले सगळे गिरणीवाले त्यांना हाक मारायचे ती विश्रामदा म्हणून, पण त्यांच्याबद्दल बोलताना म्हणायचे, 'तो डिग्रीवाला'. पगार गेला, पाळी गेली, मिलचा तिकीट नंबर गेला तरी हे एवढं त्यांच्याकडे राहिलं होतं.

मी शिवडीला एका गॅरेजमध्ये कामाला लागलो होतो. मालक कोळी, सगळे त्याला नाखवा म्हणत. आधी तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, मग गोदीतून येणारे टेम्पो आणि ट्रक करायला लागला. माणूस कमी बोलणारा. मला ठेवून घेतलं तेव्हा एवढंच म्हणाला, "तोंड चालतंय तेवढे हात चालले पायजेत." ते कधी चालले नाहीत, पण मी त्याला हसवायचो, म्हणून टिकलो असेन.

एका मंगळवारी तिथे शेठची परदेशी गाडी आली. दुबईच्या भावाने जहाजातून पाठवलेली, पांढरी, लांबलचक, आणि चाकं अशी की आम्ही सगळे गाडी सोडून चाकंच बघत बसलो. आपल्या तेव्हाच्या गाड्यांची चाकं म्हणजे लोखंडी थाळी आणि वर टोपी. ही जाळीदार, फुलासारखी, चांदीसारखी. मॅगव्हील. पण शेठ गिरगावात समुद्रासमोर राहायचे, गाडी वर्षभर खाऱ्या वाऱ्यात उभी, आणि त्या चांदीवर जागोजागी पांढरी पूड जमली होती. वरचा पारदर्शक लेप फुगून त्याला पापुद्रे सुटले होते. मला गंज माहीत होता तो लाल. हा पांढरा बघून मला आईच्या लोणच्यावर आलेला बुरा आठवला आणि तसं मी मोठ्याने म्हणालोही. शेठ हसले. "छोकरा मजेदार है," ते नाखव्याला म्हणाले. "शनिवारपर्यंत चकाचक करून द्या. रविवारी मुलाची सगाई आहे, नवरदेव बसणार यात."

मग त्यांनी सहज विचारलं, तू राहतोस कुठे, बाप काय करतो. मी सांगितलं. मर्सराइज म्हटल्याबरोबर शेठचा चेहरा बदलला. भिवंडीकडे त्यांचा कापड प्रोसेसिंगचा कारखाना होता, नवीन मर्सराइज मशीन बसवलं होतं आणि ते चालवणारा माणूस पळून गेला होता. "बावीस वर्षं? हौदावर?" मी म्हटलं, "शेठ, बोटाने डिग्री सांगतात." आणि मी डोळे मिटून बाबांची नक्कल करून दाखवली. आयुष्यात एवढी एक नक्कल कामी येता येता राहिली. शेठ म्हणाले, "शनिवारी गाडी न्यायला मी येतो तेव्हा बापाला घेऊन ये. माणूस जाणकार असेल तर सोमवारपासून लावतो."

त्या दिवशी घरी जाऊन मी हे सांगितलं तेव्हा आईने स्टोव्हला पंप मारला, इतका की ज्योत छताला लागते की काय असं वाटलं, आणि पिठीत पाणी घालायचं राहून गेलं. बाबांनी मला मशीनबद्दल वीस प्रश्न विचारले. किती रोलर, कुठली मेक, धुण्याचे हौद किती. मला एकाचंही उत्तर येत नव्हतं, मी सगळ्यांची दिली.

नाखव्याने काम समजावून दिलं होतं. चाकं उतरवायची, लेप खरवडायचा, मग पाण्याचा कागद म्हणजे वॉटर पेपर, आधी जाडा मग बारीक, पाणी सोडत हाताने घासायचं, प्रत्येक जाळीत बोट घालून. पांढरं सगळं मुळापासून निघालं पाहिजे, नाहीतर नवीन लेपाखाली पुन्हा उगवतं. "मिठाशी घाई चालत नाय," नाखवा म्हणाला. "चार दिस, चार चाकं." बुधवारी दिवसभरात मी अर्धं चाक केलं. बोटांची सालटं निघाली. गुरुवारी नाखव्याच्या शीव कोळीवाड्यातल्या बहिणीचा नवरा वारला, तो तिकडे गेला. जाताना म्हणाला, "शनिवारी सकाळी येतो. वशा, कागद. फकस्त कागद."

शुक्रवारी सकाळी माझ्यासमोर अडीच चाकं शिल्लक होती आणि डोक्यात कल्पना होती. गॅरेजच्या मागे कास्टिकचा डबा होता. ट्रकच्या इंजिनाचे लोखंडी भाग आम्ही त्याच्या पाण्यात उकळायचो, तेलाची काजळी आणि जुना रंग पापडासारखा सुटून यायचा. मी विचार केला, लेप म्हणजे रंगच. कास्टिकने लेप सुटेल, लेपाबरोबर पांढरं निघेल, आणि मी दुपारी सिनेमाला जाईन. बाबांनी शिकवल्याप्रमाणे आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कास्टिक. पाणी गरम झालं. मी एक थेंब दोन बोटांत घेऊन चोळला, डोळे मिटले आणि स्वतःला म्हटलं, "पन्नास." मला घंटा काही कळलं नव्हतं, पण रुबाब सगळा बाबांचा होता. हात धुतला. चिंध्या बांधलेल्या काठीने न घासलेल्या एका चाकावर फिरवलं. लेप लगेच सुरकुतला, सुटला. मी इतका खूश झालो की बाकीची तीनही चाकं, ज्यातलं दीड मी घासून आरशासारखं केलं होतं तेही, एका दमात माखून टाकली. आणि कास्टिक आपलं काम करतंय तोवर नाक्यावर चहा आणि कांदाभजी खायला गेलो. भजीवाल्याला मी माझी युक्ती समजावून सांगितली. त्याने मान डोलावली. त्याला चाकातलं काय कळतं!

परत आलो तर चाकं बोलत होती. तव्यावर पाणी पडल्यावर होतो तसा आवाज, चारही ठिकाणांहून. फेस, वाफ, आणि घशाला झोंबणारा वास. पाण्याचा पाइप मारला. फेस गेला आणि खालून निघालं ते काळं. बुडाशी लागलेल्या खिचडीसारखं काळं. फुलाच्या पाकळ्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. मी फडक्याने पुसलं, काळं फडक्याला आलं, खाली खरखरीत करडं, सगळीकडे बारीक खड्डे. आणि तेव्हा, पाइप हातात धरून उभा असताना, मला दुधाच्या टोपावरचं झाकण आठवलं.

इथे मी नेहमी थांबतो. इथे लोक हसतात.

मी पुष्कळदा विचार केलाय की मला आधी का आठवलं नाही. उत्तर लाजिरवाणं आहे. दुबईहून जहाजातून आलेलं शेठचं चाक आणि माझ्या बापाचा डबा एकाच धातूचे असू शकतात, हे माझ्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आमच्या घरात आहे ते शेठच्या गाडीला कसं असेल? एवढा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, कारण त्याचं उत्तर मला जन्मापासून माहीत आहे असं मला वाटत होतं.

चाकांवर गोणपाट टाकून मी घरी गेलो. सांगणारच होतो. पण दारातच तळलेल्या बोंबलाचा वास आला. आईने शेजारणीकडून चार ओले बोंबील मिळवले होते. बाबांचा पांढरा सदरा तांब्यात निखारे घालून इस्त्री करून दोरीवर लावला होता. बाबा खाटेवर बसून मिलचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालत होते, काढत होते, पुन्हा घालत होते. "वशा, शेठ हिंदीत बोलतत की मराठीत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही." "मग मी मराठीतच बोलतंय. कामाचा मराठीत नीट सांगूक येता." आईने माझ्या ताटात दोन बोंबील वाढले. मी दोन्ही खाल्ले. त्या दिवशी त्या घरात सांगता येण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि माझं तोंड बोंबलाने भरलेलं होतं.

शनिवारी आम्ही दोघं चालत शिवडीला निघालो. बाबा रस्त्याच्या सावलीच्या बाजूने, सदऱ्याला घाम लागू नये म्हणून. गॅरेज अजून उघडलं नव्हतं, किल्ली माझ्याकडे होती. आत शिरल्याबरोबर बाबा थांबले. नाक वर केलं. बावीस वर्षांचा वास. ते सरळ गोणपाटाकडे गेले, कोपरा उचलला, पाकळीवर अंगठा फिरवला आणि तो दुसऱ्या बोटाशी चोळला.

"जर्मन," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "कास्टिक लावलंस?"

मी मान हलवली. मला वाटलं आता एक थोबाडीत बसेल. मला ती हवी होती. त्यांनी गोणपाट पुन्हा नीट टाकलं, बोटं फडक्याला पुसली आणि सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या. तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली. शेठ उतरले, आणि मागोमाग, अजून डोळे सुजलेला नाखवा बसस्टॉपकडून आला.

गोणपाट नाखव्यानेच काढलं. शेठ ओरडले ते हिंदीत, गुजरातीत आणि शेवटी नुसत्या आवाजात. नाखवा माझ्यासमोर आला. "कागद सांगितलेला तुला. ह्ये कुणी सांगितलं लावायला? बोल. आज तू न्हाय तर मी."

"मी सांगितलं," बाबा म्हणाले.

शेठ वळले. "आप कौन?"

"याचा बाप. हा विचारायला आला होता घरी, साहेब, की लेप कसा काढू. मी म्हटलं कास्टिक लाव. त्याची चूक नाही."

शेठने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. इस्त्रीचा सदरा, खिशातून डोकावणारी प्लास्टिकची पिशवी. "तुम्ही? मर्सराइजवाले? बावीस वर्षं कास्टिकमध्ये काढली आणि ॲल्युमिनियमला कास्टिक लावत नाहीत, हे पण माहीत नाही?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "आम्ही कापडातली माणसं. हे माहीत नव्हतं."

ते मराठीतच बोलले, ठरवलं होतं तसं. अगदी नीट.

"तुम्हाला मशीनवर ठेवलं असतं तर सगळा प्लांट खाल्ला असता तुम्ही," शेठ म्हणाले. आता ते ओरडत नव्हते, त्यांना खरोखर सुटल्यासारखं वाटत होतं. बाबांनी हात जोडले, म्हणाले, "चुकलं," आणि बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. ज्या तोंडाने मी आयुष्यभर ट्रकवाल्यांना, पोलिसांना आणि पुढे दोन व्याह्यांना गुंडाळलं, त्यातून त्या दिवशी हवासुद्धा बाहेर आली नाही. नाखव्याने माझे हात बघितले. माझ्या उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची कातडी पांढरी पडून सोलली होती. त्याने ती बघितली, बाहेर उभ्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाला, "जा, बापाला घरी सोडून ये. मग कामाला लाग." भायखळ्याच्या भंगारवाल्याकडून त्याने चार लोखंडी चाकं आणून बसवली. शेठचा मुलगा सगाईला त्यांच्यावरच गेला.

आम्ही परत निघालो. आता ते उन्हाच्या बाजूने चालत होते. काळाचौकीला रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "किती डिग्रीचा केललंस?"

मी म्हटलं, "पन्नास."

ते जरा विचारात पडले. माझा हात हातात घेऊन सोललेली दोन बोटं निरखली. "पन्नास नाय. जास्त होता," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडला.

आईला त्यांनी सांगितलं, "त्येंका दुसरो माणूस गावलो." आईने सदरा पुन्हा दोरीवर लावला आणि पिठीला फोडणी दिली. पण शिवडी आणि लालबाग यांच्यात अंतर ते किती! आठवड्याभरात नाक्यावर गोष्ट पोचली. गेली ती बाबांच्या जबानीप्रमाणेच. डिग्रीवाल्या विश्रामदाने जर्मनला कास्टिक लावायला सांगितलं. लोकांना तेव्हा हसायला दुसरं फारसं काही नव्हतं. "काय विश्रामदा, घरात जर्मनचा टोप हा मा अजून, की खाल्लंत?" बाबा हसायचे. त्यानंतर दोनदा कोणाकोणाच्या प्रोसेस हाउसमध्ये जागा निघाल्याचं नाक्यावर कळलं, नावं सुचवली गेली, त्यांचं कोणी सुचवलं नाही. मिलचं 'कळवू' आलं नाही. काही दिवसांनी मला जाणवलं की ते डबा घासत नाहीत. तेव्हा मी त्याची नक्कल केली नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

मी नाखव्याकडे अकरा वर्षं राहिलो. पांढरा गंज काढण्यात माझा हात पुढे इतका बसला की गिरगाव-वाळकेश्वरातून समुद्रकाठच्या गाड्या माझं नाव विचारत यायच्या. कागद, पाणी, बोट. चार दिवस, चार चाकं.

बाबा गेले तेव्हा दहाव्याला चाळीत बरेच जुने गिरणीवाले जमले होते. कुठल्याही दहाव्याला येते तशी शेवटी एक वेळ आली की लोक जरा सैल होतात आणि गेलेल्या माणसाच्या गमती निघतात. त्यांच्या खात्यातले एक म्हातारे जॉबर, म्हणजे मुकादम, होते, बाबांचे जिवाभावाचे. डोळे पुसत म्हणाले, "बोटाने डिग्री सांगायचा. असा माणूस पुन्हा होणार नाही." मग थांबले, आणि हसू आवरेना तसे म्हणाले, "आणि बघा, एवढा जाणता, पण ऐन वेळी बुद्धी फिरली. शेठच्या चाकाला कास्टिक!"

सगळे हसले. आईने पदर तोंडाला लावला. दुधाचा टोप तिच्या मागेच होता, झाकणासकट.

मीही हसलो.